फ्लॅट टॉप्सच्या पठारावर धनुष्यबाण घेऊन सात दिवस

पहिल्या पहाटे पावणेपाचला तंबूबाहेर पाऊल टाकले आणि वरच्या धारेवरून एल्क नराची (एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतले मोठे हरीण) साद आली. सुरुवात खोलवरून, शंख फुंकल्यासारखी. मग आवाज चढत चढत बारीक शीळ होतो आणि शेवटी दोन-तीन हुंकार. आपल्याकडच्या सांबराचा ‘ढाँक’ ज्याने ऐकला आहे त्याला तीनशे किलोच्या जनावराच्या गळ्यातून एवढा कोवळा सूर निघतो हे खरे वाटत नाही. मी आणि माझा मित्र अंधारात तसेच उभे राहिलो. थंडीने बोटे वाकत नव्हती, तरी कोणी हललो नाही.

जागा म्हणजे कोलोरॅडोच्या वायव्येचे फ्लॅट टॉप्स. लाव्हाच्या थरांचे हे उंच पठार पाहून मला पहिल्याच दिवशी सह्याद्रीतले सडे आठवले. कडे तसेच काळे, माथा तसाच सपाट, फक्त उंची दहा-अकरा हजार फूट. एल्कचा सप्टेंबर हा माजाचा महिना. तेव्हा नर आवाज देतात, म्हणून धनुष्यबाणाचा हंगामही तेव्हाच असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क फार थोडे उरले होते. १९१३ मध्ये यलोस्टोनकडचे एल्क आणून एस्टेस पार्कच्या खोऱ्यात सोडले गेले. आज अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा इथे एल्क जास्त आहेत. शॉनी लोकांच्या भाषेतून आलेले त्याचे दुसरे नाव वापिती, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. सात दिवसांत आम्हाला बहुतेक वेळा दिसला तो हाच पांढरा पुठ्ठा, दूर जाताना.

वाचणाऱ्यांपैकी अनेक जण भारतात आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथे वन्यजीव खाते दरवर्षी कळपांचा अंदाज घेऊन परवाने ठरवते. खात्याचा मोठा खर्च त्याच परवान्यांच्या पैशांतून चालतो.

परवान्याचे काम आदल्या हिवाळ्यातच करा. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. राज्यात सलग सहा महिने राहिल्याशिवाय रहिवासी दर मिळत नाही. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना पूर्वी धनुष्याचा परवाना थेट दुकानातून घेता यायचा. २०२५ पासून बहुतेक भागांत ते बंद झाले आहे, आता सोडतीत अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. प्रत्येक युनिटचे, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागाचे, नियम वेगळे असतात. बऱ्याच ठिकाणी नराच्या एका शिंगाला निदान चार टोके असावी लागतात, त्यामुळे आपल्या युनिटचे पान छापून खिशात ठेवा. डोंगरात फोन चालत नाही.

आता धनुष्याबद्दल. ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले ते कंपाउंड धनुष्याने. त्याच्या टोकांना चाके असतात, पूर्ण ओढल्यावर वजन हलके होते आणि नेम धरून थांबता येते. माझ्याकडे साधे लाकडी रिकर्व्ह आहे. चाके नाहीत, नेमाची खूण नाही. पूर्ण ओढल्यावर बोटांवर ५० पौंड येतात आणि ते मला तीन सेकंदांपेक्षा जास्त पेलत नाहीत. (कायद्याने किमान ३५ पौंड लागतात. बाणाचे पाते पोलादाचे आणि पाऊण इंचापेक्षा थोडे जास्त, म्हणजे ७/८ इंच रुंद हवे.) बाण सीडरच्या लाकडाचे, मागे टर्कीची पिसे. पिसे भिजली की बाण भरकटतो, म्हणून भात्यावर घालायला प्लॅस्टिकची पिशवी न्या. दुपारी ढग फुटतातच.

सरावाबद्दल एकच सांगतो. दिवसाला शंभर बाण मारून स्वतःवर खूश होऊ नका. सकाळी चहाही न घेता, अंग आखडलेले असताना, पाठीवर पिशवी लावून, गुडघ्यावर बसून एकच बाण मारा आणि तो वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत वीस यार्डांवर, म्हणजे अठरा मीटरवर, दहापैकी नऊ बाण जेवणाच्या कागदी प्लेटमध्ये होते. पंचवीसवर सहा. म्हणून घरातून निघतानाच वीस यार्ड ठरवले. हा आकडा घरी ठरवायचा. समोर सहा टोकांचा नर उभा असताना माणूस स्वतःशी खरे बोलत नाही.

तो नर दुसऱ्याच दिवशी आला. सूचिपर्णी झाडांच्या कडेला, उन्हात, पाणथळीत लोळून काळा झालेला, उग्र वास माझ्यापर्यंत पोचत होता. मधे एक पडलेले झाड होते, ते मी आधीच पावलांनी मोजले होते: पस्तीस. तो मिनिटभर आडवा उभा राहिला. मी बाण दोरीला लावला होता, पण धनुष्य उचलले नाही. मित्राने नंतर काही विचारले नाही, फक्त थर्मासमधला चहा पुढे केला. त्याचे मला आजही बरे वाटते.

वाऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण डोळे आणि कान चुकले तर एल्क पुन्हा संधी देतो, नाकाला वास गेला तर देत नाही. रात्रभर गार झालेली हवा उताराने खाली वाहते. पहाटे एल्क खालच्या कुरणातून वर दाट झाडीत झोपायला जात असतात. तेव्हा त्यांच्या खाली, मागे राहा, वारा तोंडावर येतो. उतारावर ऊन पडले की हीच हवा उलटी वर चढू लागते. त्या आधी बाजूने वळसा घालून त्यांच्या पातळीला पोचले पाहिजे, नाहीतर माघार घेऊन थांबले पाहिजे. संध्याकाळी सगळे उलट. ढग आले की हिशोब मोडतो, हवा भोवऱ्यासारखी फिरते. तेव्हा सरळ झोप काढावी.

वारा बघायला दुकानात पावडरची बाटली मिळते. ती दोन हात लांबचा वारा सांगते, पुढे काय हे नाही. मी मिल्कवीडच्या बोंडांतल्या म्हाताऱ्या डबीत भरून नेल्या होत्या. ही आपल्या रुईच्या नात्यातलीच वनस्पती, इथे ओढ्याकाठी उगवते. एक म्हातारी सोडली की ती पन्नास पावले डोळ्यांसमोर तरंगत जाते आणि झाडाआड वारा कुठे वळतो तेही दाखवते. लहानपणी जिच्यामागे पळालो तीच इथे कामाला आली. पाचव्या दिवशी सव्वानऊला मी एका मादीच्या चाळीस पावलांवर होतो. म्हातारी सोडली, ती क्षणभर जागीच थांबली आणि मग माझ्या खांद्यावरून पुढे, थेट तिच्याकडे निघाली. पुढच्या श्वासाला कळप फुटला. दहा मिनिटे आधी थांबायला हवे होते.

त्याच दिवशी खालच्या कुरणात मेंढ्यांचा मोठा कळप आला. उन्हाळ्यात या पठारावर मेंढपाळ असतात, त्यातले अनेक पेरू देशातून आलेले. धनगरांच्या वाड्यासारखाच संसार, फक्त घोड्यांवर. कळपाबरोबर मोठे पांढरे राखणीचे कुत्रे असतात. ते अंगावर आले तर पळू नका. उभे राहा, शांत आवाजात बोला, हळूहळू बाजूला व्हा. मेंढ्या आल्यावर त्या खोऱ्यात आम्हाला एल्कचा आवाज आला नाही. दुपारी तंबू उचलून पुढच्या खोऱ्यात गेलो, ते बरे झाले.

सहावा दिवस, सकाळचे सात. उतारावर अजून सावली. मित्र माझ्या साठ यार्ड मागे बसून मादीचा आवाज काढत होता, मधूनच वाळकी फांदी मोडत होता. हे अंतर महत्त्वाचे आहे. नर आवाजाच्या जागेकडे बघत येतो आणि वाटेत तुमच्याजवळून जातो. मी एका बुटक्या झाडाच्या पुढे गुडघ्यावर होतो. मागे बसलो असतो तर धनुष्य फिरवायला जागा राहिली नसती. तरुण नर बरेचदा आवाज न देता येतात. हाही तसाच आला, एका शिंगाला चार टोके, पावलांचा आवाज नाही. तीन सेकंदांचे धनुष्य असलेल्याने एकच गोष्ट बघायची: त्याचा डोळा खोडाआड कधी जातो. तो गेला, मी दोरी ओढली. बाहेर आला तेव्हा चौदा यार्ड. बाण सुटल्याचे मला आठवत नाही, पिसे बरगडीत शिरताना आठवतात. मित्राने लगेच पुन्हा मादीचा आवाज दिला. नर चाळीस पावलांवर थांबला, मागे वळून पाहिले आणि झाडीत गेला.

यानंतर पाऊण तास बसायचे. उठायचे नाही, डोकवायचे नाही. मागे लागलात तर जखमी जनावर मैलभर जाते. रक्ताचा माग गुलाबी आणि फेसाळ होता, म्हणजे बाण फुफ्फुसात लागला होता. नव्वद पावलांवर तो पडलेला दिसला. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसलो. ऊब होती. काय बोलावे सुचले नाही, म्हणून घरी पानावर बसताना म्हणतो ते ‘वदनी कवळ घेता’ हळूच म्हटले.

पुढचे दीड दिवस फक्त हमाली. फ्लॅट टॉप्सच्या संरक्षित रानात कुठलेही चाक नेता येत नाही, हातगाडीसुद्धा नाही. घोडेवाला आधी ठरवा किंवा पाठीवर वाहा. पोट न फाडता, एका बाजूची कातडी काढून पाय, पुठ्ठे आणि पाठीचे मांस सोडवता येते. ही पद्धत घरी व्हिडिओ बघून नव्हे, खाटकाजवळ उभे राहून शिका. मांस सुती पिशव्यांत घालून उत्तरेच्या सावलीत, तंबूपासून लांब टांगा. इथे काळी अस्वले आहेत. लिंगाचा पुरावा मांसाच्या तुकड्याला नैसर्गिकपणे जोडलेला राहिला पाहिजे, तो घाईत कापू नका. हाडे काढून सुमारे पंच्याहत्तर किलो मांस निघाले. रस्त्यापर्यंत पाच किलोमीटर, दोघांच्या दोन-दोन फेऱ्या. हिशोब आधी करा: गाडीपासून तुम्ही जेवढे वाहू शकता त्यापलीकडे जाऊन बाण मारू नका. शेवटच्या फेरीत माझे गुडघे थरथरत होते, काठ्या नसत्या तर पडलोच असतो.

खाण्याचे थोडक्यात. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांना उकळते, डाळ शिजत नाही आणि भात टचटचीत राहतो. आम्ही भाजलेल्या रव्याचा उपमा, पातळ पोहे, सातूचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाच्या दशम्या नेल्या. दशम्या पाचव्या दिवसापर्यंत टिकल्या. चढण्याआधी दोन रात्री आठ हजार फुटांच्या आसपास काढा. मित्राने एकच काढली आणि पहिले दोन दिवस त्याचे डोके ठणकत होते.

खाली आल्यावर नराच्या मानेतल्या गाठी खात्याच्या केंद्रात तपासायला दिल्या. इथल्या हरणांत आणि एल्कमध्ये मेंदू झिजवणारा एक आजार आहे. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवा, शिजवू नका. आमचा अहवाल निर्धोक आला. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मटणासारखे तासभर रटरटवले तर चिवट होते. पाठीचे तुकडे जाड बुडाच्या तव्यावर फक्त मीठ-मिरी लावून दोन-दोन मिनिटे. पायाचे मांस मात्र कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, अगदी मंद आचेवर, चार तास. पहिल्या रविवारी मित्राच्या घरी आम्ही सगळे तेच जेवलो.