मंगळवारची शिकवणी

चाळिशी उलटल्यावर मी शिकवणी लावली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळखीच्या एका बाईला हे सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "मुलाला? गणिताची ना?" आपल्याकडे शिकवणी म्हणजे दहावी, गणित आणि घाबरलेले आईबाप. "मुलाला नाही, मला. वाकळ शिवायची," म्हटल्यावर तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सोलांचा भाव विचारायला वळली.

आक्का डिचोलीत राहतात. माहेर खानापूरकडचं. मी जिला गोधडी म्हणते तिला त्या वाकळ म्हणतात, आणि त्यांची कानडी शेजारीण कौदी. वस्तू एकच. दर मंगळवारी दुपारी, एका वेळी एकच बाई शिकवायची, हा आक्कांचा नियम. कारण विचारलं तर म्हणाल्या, "दोघी बसल्या की बोलणं वाढतं, नि टाकाही वाढतो."

मला वर्गाची सवय. वर्गात आपल्याहून वाईट कुणीतरी असतंच आणि त्याच्याकडे बघून बरं वाटतं. इथे ओसरीवर एक चटई आणि दोघी समोरासमोर. माझ्याहून वाईट शिवणारी मीच. कुणी दोन तास आपल्याच हातांकडे बघत बसलंय, असं माझ्या बाबतीत शेवटचं कधी झालं होतं ते आठवेना. पहिल्या मंगळवारी तर सुईत दोरासुद्धा ओवता येईना.

शिवण तशी सोपी. साधा धावदोराच. खाली अस्तराला जुनं सुती कापड ताणून अंथरायचं, मध्ये आणखी एक थर, आणि वर चिंध्या. दोरा दुहेरी, मेणावरून ओढलेला, हातभरच लांब. त्याहून लांब घेतला की गुंता ठरलेला. सुईवर तीन-चार टाके एकदम घ्यायचे आणि मग ओढायची. अंगुस्तान मला सारखं निसटायचं, म्हणून मी ते काढून ठेवलं. मधलं बोट सुजल्यावर परत घातलं.

वाकळीला आजीचं लुगडं लागतं असा आपला समज. गोधडीवर लिहिलेलं काहीही वाचा, त्यात आजीचं लुगडं असतंच. माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे होते मुलाच्या शाळेचे दोन सदरे, नवऱ्याची चौकटीची लुंगी, स्वयंपाकघराचा पडदा आणि शिंप्याकडून मागून आणलेली कातरणं. आक्कांनी एकेक तुकडा चिमटीत धरून चुरगाळला. पॉलिस्टरचे सगळे बाजूला. "ह्यात घाम मुरत नाही." उरलेले धुऊन आण म्हणाल्या, आटायचं ते आधीच आटू दे, नि रंग जायचा तो बादलीत जाऊ दे.

माझी समजूत होती की मधोमध सुरुवात करून बाहेर जायचं. आक्का कडेला बसल्या. आधी चारी बाजूंची कड, मग आत, पुन्हा आत, चौकोनात चौकोन. चिंध्याही आधी मांडून ठेवायच्या नाहीत, टाका जिथं पोचेल तिथं पुढची दुमडून लावायची. हे त्या लहानपणी हल्याळकडून शेतावर कामाला येणाऱ्या सिद्दी बायकांकडून शिकल्या. सिद्दींच्या कवंदीला, म्हणजे त्यांच्या वाकळीला, चारी कोपऱ्यांत दुमडलेल्या कापडाची फुलं असतात. ती नसली तर कवंदी नागडी, असं त्या बायका म्हणायच्या. सिद्दींच्या पूर्वजांतले कित्येक पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि त्यातले काही इथून पळून घाटावरच्या रानात गेलेले. त्यांच्या बायकांचा टाका खानापूरमार्गे घाट उतरून डिचोलीच्या ओसरीवर आला, आणि मी तो वाकडा घालत होते. त्याच पोर्तुगिजांनी सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालातल्या सातगावहून रेशमी भरतकामाच्या रजया, त्यांच्या भाषेत कोल्शा, जहाजं भरून लिस्बनला नेल्या. चिंध्यांच्या वाकळीला जहाजात कोण घेतो?

आक्का वरची बाजू बघतच नाहीत. वाकळ उलटी करतात, चष्मा कपाळावर सारतात आणि अंगठा फिरवतात. अंगठा अडला की, "इथं काय करालीस गं? ओढून घेतलंस. उसव." पाचव्या मंगळवारी अख्खी एक बाजू उसवायला लावली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. उसवलेला दोरा त्यांनी पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवला, कच्च्या टाक्यांना होईल म्हणून. त्यांचा हिशेबही दोऱ्यावरच. तास मोजत नाहीत. एक रीळ संपलं की पैसे द्यायचे. माझं रीळ लवकर संपत नाही.

गोव्यात वाकळ लागते कुणाला, असं नवरा विचारतो. लागते. जुलैत बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, आत पंखा पाचवर आणि अंगावर वाकळ, ही झोप ज्यानं घेतली नाही त्याला काय सांगणार? फक्त ऊन दिसलं की हातातलं काम टाकून ती बाहेर न्यायची, नाहीतर दोन दिवसांत बुरशीचे ठिपके.

तेराव्या मंगळवारी वरच्या चिंध्यांच्या थरात मधोमध वीतभर भोक राहिलं. आक्का म्हणाल्या, "आता घरी ने. एवढं एकटीनं कर." वाकळ तीन आठवडे सोफ्यावर पडून आहे. मुलगा भोकासकट पांघरून झोपतो, सकाळी त्यात त्याची पायाची बोटं अडकलेली असतात. भोकाएवढा लुंगीचा तुकडा कापून ठेवलाय, सुईत दोराही ओवलेला आहे.

काल आक्कांचा फोन आला. "झालं?"

"नाही हो. मधला कोपरा जमत नाही."

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मध्याला कसला आलाय कोपरा, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक. मग म्हणाल्या, "मग ये की मंगळवारी. नि येताना एक रीळ घेऊन ये, पांढरं."