ग्रिम्सपाउंड: डार्टमूरच्या उतारावरची गोल घरं मोजताना

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर जमिनीलगतचं काही मोजायचं असेल तर उन्हाळ्याआधी जावं. एकदा ब्रॅकन नावाचं नेचं उगवलं की बघता बघता कमरेएवढं होतं आणि दगड दिसेनासे होतात. म्हणून इथल्या हौशी मंडळींच्या एका गटाबरोबर मी मार्चमध्येच ग्रिम्सपाउंड ही कांस्ययुगातली वस्ती गाठली. घरांच्या अवशेषांची मापं घ्यायची, आराखडा काढायचा आणि कुठे पडझड झाली आहे ते नोंदवायचं, हे आमचं काम. खणायचं नाही, दगड हलवायचा नाही, कारण ही संरक्षित जागा आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमध्ये, हूक्नी टॉर आणि हॅमलडाउन या दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर, सुमारे ४५० मीटर उंचीवर ही वस्ती आहे. रस्त्याकडेला गाडी लावून थोडं चढलं की ग्रॅनाइटचा वर्तुळाकार कोट समोर येतो आणि त्याच्या आत २४ गोल घरांचे पाये. कांस्ययुगाच्या उत्तरार्धातली, साधारण इ.स.पू. १४५० ते ७०० या काळातली ही वस्ती मानतात.

वारा बोचरा होता. टेपचं टोक धरून उकिडवं बसलं की बोटं बधिर व्हायची. आधी दोन खुंट्यांमध्ये सरळ दोरी ताणायची, पण खुंट्याही जमिनीत ठोकायच्या नाहीत, वजनाच्या पाटांवर उभ्या करायच्या. मग त्या दोन टोकांपासून प्रत्येक दगडापर्यंतची अंतरं घ्यायची आणि कागदावर दोन कंस जिथे छेदतील तिथे दगड मांडायचा. जीपीएस बरोबर होतं, तरी आमच्या प्रमुख बाईंनी टेपचाच आग्रह धरला. तो किती योग्य होता ते पहिल्या घरातच पटलं. अंतर मोजायचं म्हणजे आधी ठरवावं लागतं की भिंत कुठे सुरू होते. दुरून नुसता ढीग दिसतो. हात लावून बघितलं की कळतं, आत आणि बाहेर उभ्या शिळांच्या दोन रांगा आहेत आणि मधल्या जागेत चिपा भरल्या आहेत. रुजलेली शिळा तळहाताने रेटली तरी तसूभर हलत नाही. एका शिळेची वरची बाजू स्वच्छ करडी होती, त्यात फेल्स्पारचे पांढरे स्फटिक चमकत होते आणि दगडफुलाचा एक ठिपका नव्हता. बाई म्हणाल्या, "हिला कुणीतरी अलीकडेच उलटवलंय." तशी नोंद केली. आडोशाला बसायला किंवा चूल मांडायला लोक दगड उचलतात, गुरं अंग घासतात आणि नेच्याची मुळं जमिनीतले थर फाडत जातात.

आतली माणसाला वापरता येण्याजोगी जागा बहुतेक घरांत तीन-साडेतीन मीटर व्यासाची भरते, त्यातच चूल. तिसऱ्या क्रमांकाच्या घराच्या दाराचे दोन उभे खांब अजून जागेवर आहेत आणि बाहेर वाऱ्याला अडवणारी वळणदार ओसरी आहे. मी त्या दारातून वाकून आत गेलो, तेव्हा खांद्यांना लागलेला वारा गुडघ्यांपासून खाली थांबला. छप्पर लाकडाचं आणि गवताचं असणार. इथल्या आम्लधर्मी मातीत लाकूड, हाडं, कातडं काहीच टिकत नाही. त्यामुळे १८९४-९५ मध्ये डार्टमूर एक्सप्लोरेशन कमिटीने उत्खनन केलं तेव्हा हाती लागलं ते चुलींचे दगड, कोळसा, खापरं आणि गारगोटीची हत्यारं. त्याच लोकांनी काही भिंती परत रचल्या. त्यामुळे आराखड्यात प्रत्येक भिंतीशी थांबून विचारावं लागतं, ही तीन हजार वर्षांची की सव्वाशे वर्षांची? मला हे विचारणं नकाशाइतकंच महत्त्वाचं वाटतं. न विचारता काढलेला सुबक आराखडा फसवा असतो.

कोटाबद्दल माझं मत ठाम झालंय. काही ठिकाणी तो तीन मीटर जाड आहे, पण दोन्ही टेकड्यांवरून आतलं सगळं दिसतं. शत्रूला थोपवायला कोणी अशी जागा निवडणार नाही. उत्तर बाजूला कोटातून वाहणारा ओढा बघितला की गुरं राखण्याचा हिशोब पटतो: पाणी कोटाच्या आतच मिळतं.

मोजणी करताना मला सारखं पुणे जिल्ह्यातलं इनामगाव आठवत होतं. घोड नदीकाठच्या त्या वस्तीत डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं तेव्हा जोर्वे संस्कृतीच्या शेवटच्या, उत्तर-जोर्वे काळात, म्हणजे इ.स.पू. १००० ते ७०० च्या सुमारास, चौकोनी घरांऐवजी छोट्या गोल झोपड्या आल्याचं दिसलं. तिथे कुड आणि मातीचं काम, म्हणून मागे उरल्या खांबांच्या खळग्या. इथे दगड असल्यामुळे भिंतच उरली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण काळ बराचसा एकच. तिथला आराखडा मी पूर्वी पुस्तकातच पाहिला होता. आता पुण्याला गेलो की त्यातल्या खळग्यांची अंतरं टेप घेऊन बसूनच वाचणार आहे.