तुम्ही विचारलंत म्हणून: ती फी भरली कुणी?

प्रश्न नेहमी जिना चढत येतो. आधी "कुठे शिकलीस?" कॉलेजचं नाव ऐकलं की भुवया वर. मग "बाबा काय करतात?" बाबा मोटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करतात म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि आवाज उतरवून विचारतो, "मग फी कशी गं जमवलीत?" इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळींनी विचारलंय, तिकडच्या नातेवाइकांनी विचारलंय. हल्ली कॉलेजच्या वयाच्या मुलांचे आईवडीलही विचारतात, पण ते कुजबुजत नाहीत. वही उघडून बसतात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

थोडक्यात सांगायचं तर फी जवळपास सगळी कॉलेजनंच सोडली. पण हे उत्तर ऐकून लोकांना वाटतं, मुलगी फार हुशार असणार, स्कॉलरशिप मिळाली असणार. माझ्या वर्गात माझ्याहून हुशार तिघं तरी होती. त्यांनी अर्जच केला नाही.

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. आत्याने बाबांना स्पॉन्सर केलं होतं आणि नंबर लागायला बारा वर्षं गेली. म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून आम्ही रांगेत होतो. बाबा तिकडे पतपेढीचे पिग्मी एजंट होते, आई शिवण करायची. इकडे बाबा मोटेलात, आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये. गणपतीला मंडळात गेलं की बाबांना पहिला प्रश्न "कुठल्या कंपनीत?" बाबा म्हणायचे, "हॉटेल लाइनमध्ये." एवढ्यावर भागायचं.

मी बारावीला होते ते साल २०१४. शाळेतल्या कौन्सेलरबाईंकडे चारशेच्या वर मुलं. (त्यांच्या व्यवसायातल्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस माणशी २५० मुलांची आहे.) माझ्या वाट्याला अकरा मिनिटं आली आणि त्यात त्यांनी कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं, माहितीपत्रक हातात दिलं. सल्ला वाईट नव्हता, घराजवळचं, स्वस्त. फक्त दुसरं काही असू शकतं हे त्या बोलल्या नाहीत आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

सुचलं ते गणिताच्या बाईंना. नोव्हेंबरात एकदा तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. त्यांनी एका खासगी कॉलेजची साइट उघडली. वर्षाचा खर्च एकसष्ट हजार डॉलर. मी हसले. आईबाबांची मिळून वर्षाची कमाई एकतीस हजार होती. बाई म्हणाल्या, "हा आकडा तुझ्यासाठी नाही." मग 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' नावाच्या पानावर त्या मला एकेक विचारत गेल्या. घरात माणसं किती, कमाई किती, घर स्वतःचं का, बँकेत काय आहे. शेवटचं बटण दाबून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीन हजारांच्या आत. मी दशांशचिन्ह चुकलं असेल म्हणून पुन्हा वाचलं.

हे कॅल्क्युलेटर ठेवणं २०११ पासून कायद्यानं बंधनकारक आहे, सरकारी मदत घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजला. फुकट आहे, नाव द्यावं लागत नाही. तुमच्या वहीत एकच गोष्ट लिहायची असेल तर ही लिहा.

यामागचं गणित असं. जाहीर केलेली फी ही ज्यांना परवडते त्यांची फी. बाकीच्यांसाठी कॉलेज आधी ठरवतं, हे कुटुंब किती देऊ शकेल. खर्चातून तो आकडा वजा केला की उरते ती 'नीड'. मोठा निधी बाळगून असलेली काही डझन कॉलेजं ही नीड पूर्ण भागवायचं वचन देतात. बहुतेक कॉलेजं देत नाहीत, आणि फसगत होते ती इथेच. निवडक कॉलेजं श्रीमंत आहेत म्हणूनच गरिबाला स्वस्त पडतात, आणि मधलं, साधं दिसणारं कॉलेज महाग पडतं. माझ्या बाबतीत अक्षरशः तसंच झालं. आमच्याच राज्याच्या विद्यापीठात सगळी मदत धरून वर्षाला तेरा हजार भरायचे होते. त्या एकसष्ट हजारवाल्याकडे चोवीसशे, आणि तेही मी लायब्ररीत आठवड्याला दहा तास काम करून फेडले.

आता तर फी माफ होण्याच्या कमाईच्या मर्यादा आणखी वर गेल्या आहेत. हार्वर्ड आणि एमआयटी, दोघांनी २०२५ च्या शैक्षणिक वर्षापासून वर्षाला एक लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्या कुटुंबांना काहीच भरावं लागणार नाही आणि दोन लाखांपर्यंत शिकवणीची फी नाही असं जाहीर केलं, मालमत्ता फार नसली तर.

मला कायम वाटायचं, बाई भेटल्या हा नशिबाचा भाग, त्याला काय पुरावा? मग एक प्रयोग वाचनात आला. मिशिगन विद्यापीठात सुझन डायनार्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यातल्या गरीब घरच्या हुशार मुलांपैकी काहींना एक पत्र पाठवलं. तुला प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, फॉर्म भरायचीही गरज नाही. बाकीच्यांना नुसतीच अर्जाच्या तारखांची माहिती. ज्यांना पत्र मिळालं नाही त्यांच्यातल्या २६ टक्के मुलांनी अर्ज केला. ज्यांना मिळालं त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांनी. पत्रात नवे पैसे जवळजवळ नव्हतेच. बहुतेकांना तेवढी मदत एरवीही मिळाली असती. आधी, खात्रीनं आणि घरच्या पत्त्यावर कुणीतरी कळवलं, एवढाच फरक.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न पैशाचा नाही, कागदांचा आहे. आणि कागद म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, डिसेंबर, आणि बाबा.

मदतीसाठी दोन फॉर्म असतात. एक सरकारी, त्याला सगळे 'फाफ्सा' म्हणतात. तेव्हा तो १ जानेवारीला उघडायचा, आता साधारण १ ऑक्टोबरला. पेल ग्रँट, म्हणजे कमी कमाईच्या घरातल्या मुलांना सरकार देतं ती मदत, त्यातून मिळते. सध्या ती वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे आणि ती परत करायची नसते. दुसरा 'सीएसएस प्रोफाइल', तो कॉलेज बोर्ड नावाच्या संस्थेचा, बरीच खासगी कॉलेजं मागतात. फाफ्सा मुख्यतः कमाई आणि बँकेतली शिल्लक विचारून थांबतो. हा घरात पार माजघरापर्यंत येतो. गाडी कुठल्या सालची, घरभाडं किती, दवाखान्याला किती गेले, गावाला कुणाला पैसे पाठवता का. एक लाखाच्या आतल्या कुटुंबांना तो आता फुकट आहे.

बाबा पिग्मी गोळा करायचे तेव्हा त्यांना अख्ख्या पेठेची शिल्लक तोंडपाठ असायची आणि ती ते घरीसुद्धा बोलायचे नाहीत. अशा माणसाला मी विचारत होते, "बाबा, बँकेत आज किती आहेत?" ते म्हणाले, "लिही काहीतरी." काहीतरी लिहिता येत नाही म्हटल्यावर उठून गेले. आईने पोळ्या लाटता लाटता आकडा सांगितला. आठशे बारा.

मग आला शिक्षणाचा रकाना. पालकांनी पूर्ण केलेलं सर्वांत वरचं शिक्षण: मिडल स्कूल, हायस्कूल, कॉलेज किंवा त्याहून पुढे. आईचं सोपं होतं, ती नववीपर्यंत शिकली. बाबांपाशी आले आणि हायस्कूलवर क्लिक करणार तोच ते मागून म्हणाले, "कॉलेज. मी कॉलेजला होतो."

मी म्हटलं, तुम्ही बारावी ना?

"मग? अकरावी-बारावी कॉलेजच असतं. कॉमर्स. अट्ठावन्न टक्के."

आता हे तुम्हाला लगेच कळेल, इथल्या कुणालाही समजावताना माझी दमछाक होते. आपल्याकडे दहावीला शाळा संपते. ज्युनियर कॉलेजला जाणारा मुलगा कॉलेजला जातो, युनिफॉर्म सुटतो, वही एकच आणि ती मागच्या खिशात. बाबा खोटं काही बोलत नव्हते. पण इथल्या हिशेबात बारावी म्हणजे हायस्कूल. आणि 'कॉलेज' लिहिलं की मी घरातली कॉलेजात जाणारी पहिली राहत नव्हते. मदतीच्या काही योजना आणि अर्ज वाचणाऱ्यांची नजर, दोन्ही त्या एका रकान्यावर फिरतात.

मी हायस्कूल टाकलं. बाबा काही बोलले नाहीत. रात्रपाळीचा डबा उचलून निघून गेले, डब्यावरचा चमचा मात्र विसरले.

पुढचं भराभर सांगते. जानेवारीत एका कॉलेजकडून ईमेल आली, अर्ज अपूर्ण. टॅक्स रिटर्नच्या प्रतीवर सही नव्हती. हे त्यांना कळवायला तीन आठवडे लागले आणि मला दोन दिवसांची मुदत. बाबा सकाळी सातला कामावरून आले, बूट न काढता सही केली. मराठीत, जोडाक्षर मोडून, पतपेढीच्या पावतीवर करायचे तशी. चालली.

क्वेस्टब्रिज नावाची एक संस्था गरीब घरच्या हुशार मुलांसाठीच आहे. तिथे जुळलं तर चार वर्षांचा सगळा खर्च मिटतो. मला तिचं नाव नोव्हेंबरात कळलं आणि तिचा अर्ज सप्टेंबरअखेरीस बंद होतो. तुम्ही उन्हाळ्यातच बघा. अर्जाच्या शुल्काचं म्हणाल तर कॉमन अॅपमध्ये (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची साइट) शुल्कमाफीचा प्रश्न असतो, तिथे 'हो' म्हणायला लाजू नका. मी लाजले होते, पहिल्या कॉलेजला पंचाहत्तर डॉलर भरले. ते आजही डाचतात.

अर्जातल्या निबंधाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळे सांगतात, हाल लिही, वाचणारे विरघळतात. मला ते भीक मागितल्यासारखं वाटलं, अजूनही वाटतं. साडेसहाशे शब्दांत मी आईच्या शिलाई मशीनवर शिकलेला अपूर्णांक लिहिला. हाल आपोआप दिसले असतील तर दिसोत. मात्र धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं, त्याला जेवायला घालणं, शनिवारी मोटेलात चादरी घड्या करणं, हे मी 'उपक्रम' म्हणून लिहिलंच नव्हतं, कारण मला वाटायचं उपक्रम म्हणजे वादविवाद आणि व्हायोलिन. बाईंनी ते लिहायला लावलं. अर्जातल्या उपक्रमांच्या यादीत पगारी कामाला आणि घरच्या जबाबदारीला स्वतंत्र जागा आहे. दहा रकाने असतात. घरकाम करणाऱ्या मुलांचे ते सहज भरतात.

एप्रिलमध्ये पत्रं आली. एकावर 'अवॉर्ड' लिहिलेलं, खाली अठरा हजारांचा आकडा. बाबांनी ताबडतोब आत्याला फोन लावला, पोरीला बक्षीस मिळालं. रात्री मी नीट वाचलं तर त्यातले साडेपाच हजार माझ्या नावावरचं कर्ज आणि बाकीचं बहुतेक आईबाबांनी काढायचं कर्ज. अवॉर्ड म्हणे. पत्र हातात आलं की आधी 'ग्रँट' आणि 'लोन' वेगवेगळ्या पेनानं अधोरेखित करा. आणि आकडा जमत नसेल तर मदत कार्यालयाला पत्र लिहा, फेरविचार होतो. मी लिहिलं, बाबांचे कामाचे तास कमी झाल्याचा कागद जोडला, आणि त्या चोवीसशेवाल्या कॉलेजचा मूळ आकडा होता एकतीसशे.

तिकडून इकडे येऊ पाहणाऱ्यांनी मात्र यातलं सगळं आपल्याला लागू धरू नका. पेल ग्रँट परदेशी विद्यार्थ्याला नाही, आणि बहुतेक कॉलेजं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याची ऐपत बघतात. न बघणारी बोटावर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट आणि आणखी काही.

भावाची वेळ आली तेव्हा मी नोकरीला लागले होते, सुट्टी काढून घरी गेले. तेच टेबल. या वेळी कागद बाबांनीच काढून ठेवले होते, सालवार, पिशवीत. बँकेचा आकडा त्यांनी न विचारता सांगितला. शिक्षणाच्या रकान्यापाशी भाऊ थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"हायस्कूल टाक," बाबा म्हणाले. मग चष्मा वर करून स्क्रीनजवळ आले. "पुढे टक्के लिहायला जागा आहे का?"

नव्हती.