कारल्याचे काप

2021 मध्ये कोविड झाला तेव्हा वास गेला, तो परत आलाच नाही. त्यात शुगर. वास नसला की जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असंच काय ते कळतं. हिंगाची फोडणी काय, कोथिंबीर काय, सगळं सारखंच. म्हणून हात सारखा गोडाकडे जायचा.

आज ज्वारीच्या भाकरीबरोबर कारल्याचे पातळ काप तव्यावर कुरकुरीत केले. वर दाण्याचं जाडंभरडं कूट, लिंबू पिळलं. दाताखाली कुरकुर वाजलं, आंबट-कडू लागलं, आणि कितीतरी महिन्यांनी खरंच जेवल्यासारखं वाटलं! दोन तासांनी बोट टोचून शुगर बघितली, 142.

दूध नासलंय का, ते मात्र अजूनही आईच हुंगून सांगते. उरलेले कापही तिने माझ्यासाठी झाकून ठेवलेत.