आधी पाण्याचं बोला

"दगड घ्या नाहीतर वीट घ्या. पाणी कुठून जाणार ते आधी सांगा."

एवढंच बोलून गवंडीकाकांनी माझा मोबाइल परत दिला. सतरा फोटो होते त्यात, दोनच बघितले. बागेतली माती अडवायला जेमतेम दोन फुटांची भिंत, आणि मी आठवडाभर रंग जुळवत बसले होते!

मग त्यांनी पलीकडच्या जुन्या विटांच्या भिंतीकडे बोट केलं. मधोमध पोट सुटलेलं, सांध्यांवर पांढरट खार. मागे पाणी तुंबलं की मातीच्या जोडीनं तेही ढकलतं, आणि तळाशी जोर सगळ्यात जास्त. वीट काय, काँक्रीटचा ब्लॉक काय, सिमेंटनं सांधे बंद केले की निचऱ्याची भोकं ठेवावीच लागतात. लाकडी ओंडक्यांची माझी हौस तर "कुजतील" या एका शब्दात संपली.

शेवटी सिमेंटशिवाय रचलेला दगडी बांध ठरला. पाणी फटींतून आपसूक झिरपतं. पहिला थर जमिनीत गाडायचा, मागे फूटभर खडी, आणि दर फुटाला इंचभर कल मातीच्या बाजूला.

काकांनी एक दगड उचलला, तीनदा फिरवला, चौथ्यांदा बसवला. हलवून बघितला. काढून ठेवला. मला तर बरोबर वाटला होता.

रात्री परत फोटो चाळले. सतरापैकी एकातही भिंतीची मागची बाजू दिसत नाही. तुम्ही कधी बघितलीय?