निनेव्याच्या पाटीवरचा पूर

असुरबानिपाल या अ‍ॅसिरियन राजाच्या निनेवे येथील ग्रंथालयातून आलेल्या मातीच्या पाटीवर ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ मध्ये पुराची कथा वाचली, तेव्हा बायबलमधील नोहाच्या कथेशी तिचे साम्य पाहून इंग्लंड चकित झाले. ती कथा मेसोपोटेमियातील गिल्गमेशच्या महाकाव्याचा भाग आहे; तिच्यात पुरातून वाचलेला उत्नपिश्तिम जमीन उघडी पडली का हे पाहायला आधी कबुतर, मग पाकोळी आणि शेवटी कावळा सोडतो. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात कावळा आधी उडतो, कबुतर नंतर. मला मात्र पक्ष्यांपेक्षा त्यानंतरचा यज्ञ अधिक बोलका वाटतो. मेसोपोटेमियातील देव होमाच्या वासाने माश्यांसारखे गोळा होतात, तर हिब्रू कथेतील एकमेव देव तोच सुवास घेऊन पुन्हा सर्व जिवांचा संहार न करण्याचे मनाशी ठरवतो. (शतपथ ब्राह्मणातील मनूही पूर ओसरल्यावर पाण्यात तूप-दही अर्पण करतो, हे इथे आठवतेच.)