घरात काडतुसं भरता, झोप कशी लागते?

बेसमेंट बघायला पाहुणे खाली आले की कोपऱ्यातल्या लाकडी बेंचपाशी थबकतात. पुण्याहून आलेलं कुणी असेल तर प्रश्न ठरलेला: “काडतुसं घरी भरतेस? बंदुकीची दारू घरात ठेवून झोप कशी लागते गं?” हल्ली आमच्या नेमबाजीच्या रेंजवर येणारी दोन-तीन मराठी मुलंही विचारतात, पण त्यांना वेगळंच हवं असतं. “ताई, असा बेंच मांडायचा तर आधी काय घेऊ?” दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच जागी सापडतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

मी ओहायोत राहते. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. भारतात मात्र परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या कुणी हे वाचून हात शिवशिवू देऊ नयेत.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातला, घाव बसताच ठिणगी देणारा प्रायमर, आतली पावडर म्हणजे धूर न करणारी बंदुकीची दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. एकदा झाडलं की बाकीचं संपतं, पुंगळी उरते. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं हे पितळ फुगतं, पण साच्यात दाबून परत मापात आणता येतं. नवीन प्रायमर, मोजून पावडर, नवी गोळी. पॅरिसच्या कांस्यपदकानंतर, २०२४ साली, कितीजणांनी तरी विचारलं की स्वप्नील कुसाळेच्या रायफलीची काडतुसं अशी भरता येतात का. नाही येत. त्या .२२ काडतुसात प्रायमरचं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि घाव बसला की ती कड चेपते. आपल्या कामाची पुंगळी ती, जिच्या बुडात मधोमध एकच भोक असतं, कारण साच्यातली पिन त्यातून खाली येऊन जुना प्रायमर ढकलून काढते. ही रचना बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. दोन बारीक भोकांची दुसरी रचना बर्डन या अमेरिकनाची. आणि अमेरिकेत चालली ती इंग्रजाची! मला याचं अजून नवल वाटतं.

आता बेंच. मुलं आधी प्रेस, म्हणजे दांडा ओढून पुंगळी साच्यात दाबायचं यंत्र, कुठली घ्यायची ते विचारतात. मी आधी जागा बघायला सांगते. इथल्या बेसमेंटमध्ये घर गरम करायची भट्टी आणि पाणी तापवायची टाकी असते, आत ज्योत असते. तिथून जितकं लांब जाता येईल तितकं जा. बेंच भिंतीतल्या लाकडी खांबांना स्क्रूने आवळून टाका, कारण प्रेसचा दांडा ओढताना हलणारं टेबल चालत नाही. पावडर मोजायचा काटा वाऱ्याच्या झोतात नको. एका पौंडात ७००० ग्रेन असतात आणि आपण ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजतो. वरच्या जाळीतून गार हवा आली तरी काट्याची दांडी डुलते. प्रेस साधीच घ्या, एका वेळी एकच काम करणारी. आणि बेंचवर पावडरचा डबा एकच. दुसरा उघडायचाच नाही.

हा शेवटचा नियम माझ्या बाबांचा. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, १८६९ सालापासूनचा तो कारखाना. काडेपेटी गेटवरच ठेवावी लागायची, हे आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की बाबा घरीसुद्धा देवापुढची काडेपेटी वापरून झाल्यावर लगेच फळीवर ठेवत.

पावडर आणि प्रायमर साठवण्याबद्दल लोकांचा अंदाज हमखास उलटा असतो. त्यांना भीती पावडरची. पण ती मूळ डब्यात असेल तर भडकून जळते. तो डबाच असा केलेला असतो की आत दाब वाढायच्या आधी फाटावा. ती घट्ट पोलादी पेटीत कोंडली तर मात्र आपण स्वतःच बॉम्ब केला. प्रायमर खरे हळवे. ते त्यांच्या मूळ खोक्यातच हवेत, बरणीत एकत्र ओतलेले कधीही नकोत. इथल्या अग्निसुरक्षा संहितेत घरासाठी मूळ डब्यात २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर अशी मर्यादा आहे, गावोगावचे नियम आणखी कडक असू शकतात. माझ्याकडे दोन पौंडांच्या वर पावडर नसते.

शिशाबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. प्रायमरच्या राखेत शिसं असतं. पुंगळ्या मक्याच्या बुरकुंडाच्या चुऱ्यात घोळून चकचकीत करतात, त्या धुळीतही ते उतरतं. म्हणून ते यंत्र घराबाहेर. बेंचवर चहा नाही, खाणं नाही, उठलं की आधी साबणाने हात. माझा मुलगा रांगत होता तेव्हा दोन वर्षं मी बेंच बंदच ठेवला होता, आणि ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना तेच करायला सांगते.

एकदा माझ्याच हातून चुकलं. पिस्तुलाची काडतुसं भरताना आईचा फोन आला, मी बोलत बोलत काम पुढे नेलं. आठवड्याने रेंजवर एक बार ‘फुस्’ झाला. शेजारचे काका ओरडले, “थांब!” मी बोट काढलं. त्या एका काडतुसात पावडर पडलीच नव्हती, प्रायमरच्या जोरावर गोळी निम्म्या नळीत जाऊन अडकली होती. मी पुढचा बार ओढला असता तर नळी फुगली असती, कदाचित फाटलीही असती.

त्या दिवसापासून फोन वर स्वयंपाकघरात राहतो. पावडर भरलेल्या पुंगळ्या पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करते, दिवा खाली ओढते आणि गोळी बसवण्याआधी पन्नासही पुंगळ्यांत डोकावते. एकीची पातळी जरी वरखाली वाटली, तरी ती रिकामी करून परत मोजते. मध्ये कुणी हाक मारली आणि मी कुठवर आले होते ते आठवेना, तर सगळ्या पन्नास ओतून पहिल्यापासून. झोप यामुळे लागते.

मुलांना म्हटलंय, रविवारी सकाळी या. पहिल्या दिवशी डबा उघडायचा नाही. नुसत्या पुंगळ्या पुसायच्या, बुडाच्या वर चकाकती रेघ दिसली की ती पुंगळी बाजूला, मानेला भेग असली तरी बाजूला. दुपारपर्यंत दोनशे तरी होतील.